पावसातला सायकलदौरा: पुणे ते माणगाव, ताम्हिणी घाटाने

पावसात सायकलवर कोरडं राहता येत नाही. महागडं जॅकेट घाला नाहीतर दुकानातली प्लास्टिकची पिशवी पांघरा, दोन तासांत बाहेरून पाण्याने नाहीतर आतून घामाने माणूस भिजतोच. नवखे लोक सगळा जीव आणि सगळे पैसे न भिजण्यावर घालवतात आणि दौरा खरोखर मोडणाऱ्या दोन गोष्टी विसरतात. एक, अंगात मुरणारी थंडी. दुसरी, पाण्याबरोबर सायकलीत शिरणारी बारीक कच. भिजण्याने कुणाचा दौरा सहसा संपत नाही. बोटं गारठून ब्रेक दाबता न येण्याने संपतो, किंवा ब्रेक शू, म्हणजे रिमला घासून चाक थांबवणारे रबराचे तुकडे, घाटातच संपल्याने.

उदाहरणासाठी पुण्याहून पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर करत माणगावला उतरणारा रस्ता घेऊ. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. कोकणात जाणाऱ्या बहुतेक दौऱ्यांचा हा पहिला दिवस असतो, आणि ताम्हिणीचा पट्टा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांत मोडतो. सुरुवातीला शहरी वाहतूक, मग धरणाकाठचा चढउतार, वर धुकं, त्यानंतर लांब ओला उतार आणि शेवटी कोकणातला उकाडा, असं सगळं एकाच दिवसात भेटतं. इथे लागू पडणाऱ्या गोष्टी आंबोली, गगनबावडा किंवा कुंभार्लीलाही लागू पडतात.

आदल्या संध्याकाळी: जायचं की नाही

हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा पाहा. या रस्त्यासाठी दोन नोंदी बघायच्या, पुण्याचा घाटमाथा आणि रायगड. पुणे शहराचा अंदाज पाहून निघणं ही नेहमीची चूक आहे. शहरात भुरभुर असते तेव्हा ताम्हिणीत कोसळत असतं. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अति जोरदार आणि त्यावर अत्यंत जोरदार. पिवळा इशारा असेल तर तयारीने निघा. नारिंगी असेल तर नवख्याने घाट टाळावा. लाल असेल तर घरी बसा, त्यावर चर्चा नको. लाल इशाऱ्याच्या दिवशी घाटात अडकलेला सायकलवाला स्वतःपुरता अडकत नाही, त्याला काढायला आणखी चार माणसांना त्याच दरडींखाली यावं लागतं.

घाट उघडा आहे का, हेही विचारा. दरड पडली किंवा रस्ता खचला की घाट बंद होतो, आणि पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांच्या ठिकाणी बंदीचे आदेश काढतं. सर्वांत ताजी बातमी घाटाखालच्या विळ्यातल्या किंवा वरच्या ताम्हिणी गावातल्या हॉटेलवाल्याकडे मिळते. एक फोन पुरतो.

शनिवार-रविवार या घाटात जाऊ नका. जुलैतल्या रविवारी धबधब्यांपाशी गाड्यांची रांग लागते, दारं अचानक रस्त्याच्या बाजूला उघडतात आणि काही चालक शुद्धीत नसतात. ओल्या रस्त्यापेक्षा हे अधिक धोक्याचं आहे.

अंतराचा हिशोब साधा ठेवा: कोरड्या दिवशी जेवढं कापता त्याच्या साठ ते सत्तर टक्के. ज्यांची कोरड्यात शंभराची मजल आहे त्यांनी हा रस्ता दोन दिवसांत करावा आणि पहिला मुक्काम मुळशीच्या आसपास धरावा. जुलैत सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास असला, तरी ढग आणि झाडी असलेल्या घाटात साडेसहालाच अंधारतं. म्हणून घाटाच्या तोंडाशी दुपारी एकच्या आत पोचायचं. एक वाजून गेला आणि अजून माथा आला नसेल, तर त्या दिवशी वरच राहायचं.

सायकल: निघण्यापूर्वी पाच कामं

मडगार्ड पूर्ण लांबीची हवीत, दोन्ही चाकांना. पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबराची पट्टी लावून ती जमिनीपासून चार बोटं वर येईल एवढी लांब करा. जुन्या ट्यूबचा तुकडा चालतो. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल सरळ चेनवर आणि पायांवर येतो, त्यामुळे ही एवढीशी पट्टी चेनचं आयुष्य वाढवते. सीटखाली अडकवायची छोटी प्लास्टिक मडगार्डं फक्त पार्श्वभाग वाचवतात, सायकल नाही.

टायर २८ मिमीपेक्षा रुंद घ्या. ३२ किंवा ३५ उत्तम. हवा नेहमीपेक्षा पाच ते दहा पीएसआय कमी ठेवा. ३२ मिमीच्या टायरवर पंचाहत्तर किलोचा माणूस आणि दहा किलो सामान असेल तर मागे ६५ आणि पुढे ५५ च्या आसपास. त्यापेक्षा बरीच कमी केली तर खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि सापाच्या दातांसारखी जोडभोकं पडतात.

चेनला पावसाळी म्हणजे दाट तेल लावा. कोरड्या हवेसाठीचं पातळ तेल किंवा मेण मुसळधार पावसात दोन-तीन तासांत धुऊन जातं, मग चेन चिवचिवायला लागते. पद्धत अशी: चेन फडक्याने कोरडी पुसा, पॅडल उलटं फिरवत प्रत्येक रोलरवर एक थेंब सोडा, पाच मिनिटं थांबा, मग बाहेरचं सगळं तेल पुसून काढा. हे शेवटचं पुसणं लोक टाळतात आणि तिथेच फसतात, कारण बाहेर राहिलेल्या तेलाला कच चिकटते आणि पॉलिश पेपरसारखी चेन खाते. गंज सोडवायचा फवारा म्हणजे तेल नव्हे. तो पाणी हटवतो, पण वर तेल घालावंच लागतं.

ब्रेक. रिम ब्रेक असतील तर शूवरच्या खाचा दिसतायत का ते पाहा. खाच बुजली असेल तर शू आजच बदला, ‘अजून एक दौरा निघेल’ असं म्हणू नका. पावसात रिमवरची कच शूला कानशीसारखी घासते. सुक्यात हजारभर किलोमीटर चालणारा शू एका ओल्या घाटात अर्धा होऊ शकतो. डिस्क ब्रेक असतील तर पॅडवरचा घर्षणाचा थर एक मिमीपेक्षा जाड हवा. रेझिनचे पॅड ओल्यात भरभर झिजतात, धातुमिश्रित पॅड आवाज करतात पण टिकतात. कोकण उतरायचं असेल तर धातुमिश्रित घ्या आणि आवाज सहन करा. कुठलेही ब्रेक असोत, शू किंवा पॅडची एक जोडी बरोबर ठेवाच. आपल्या ब्रेकचे पॅड माणगावच्या दुकानात मिळतीलच असं नाही.

दिवे दोन: मागे लाल, लुकलुकणारा, पुढे पांढरा. भर दिवसा लावायचे. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट बसतंय का ते आदल्या रात्रीच पाहा, कारण दिवे पाण्याने मरतात ते तिथूनच. सामानाची बॅग मागच्या दिव्यावर येत नाही ना, हे सायकल पूर्ण लादून झाल्यावर दहा पावलं मागे जाऊन बघा.

सामान: तीन ढीग

सगळं सामान जमिनीवर मांडून तीन ढीग करा.

पहिला, कधीच भिजू नये असा: रात्रीचे कपडे, पांघरूण, कागदपत्रं, औषधं, पॉवर बँक, रोकड. हे सगळं आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून दुमडून रबर लावून, आणि मग पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला अडकवायच्या बॅगेत. पॅनिअर जलरोधक असला तरी आत पिशवी हवीच. कॅरिअरच्या हूकपाशी घासून त्याला भोक पडतं आणि ते भोक संध्याकाळीच कळतं. पॅनिअरवर घालायचं पावसाळी कव्हर चाकाच्या बाजूने उघडं असतं. चाकाने उडालेलं पाणी त्यात साचतं आणि बॅग आतून डुंबते. कव्हरच्या खालच्या टोकाला एक छोटं भोक पाडून ठेवा.

दुसरा ढीग भिजला तरी चालेल असा: हत्यारं, पंप, कुलूप, चपला. हत्यारांना संध्याकाळी तेलाचा हात मारला की झालं.

तिसरा ढीग छोटा आणि वरच हाताशी असावा: जॅकेट, सुका शर्ट, खाणं, दोन ट्यूब, फडकी. भर पावसात पॅनिअर पूर्ण उघडायची वेळ आली की पहिल्या ढिगाचीही खैर नसते.

रात्रीच्या कपड्यांचा एक नियम पाळा: ते सायकलवर कधीही घालायचे नाहीत. सकाळी ओला शर्ट अंगावर चढवणं किळसवाणं वाटतं, पण तो पाच मिनिटांत अंगाच्या उबेने सुसह्य होतो. सुका शर्ट घालून निघालात तर रात्री दोन्ही ओले.

फोन हँडलवर लावून नकाशा बघण्याचा बेत सोडा. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही आणि घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज जाते. गावांची नावं आणि मधली अंतरं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर बॉलपेनने लिहा, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि हँडलला बांधा. फोन पिशवीत. मदतीचा क्रमांक ११२ आहे.

अंगावर काय

कॉटन आणि जीन्स नको. पाणी धरून ठेवतात, जड होतात आणि मांड्या सोलतात. पॉलिस्टरचा साधा खेळाचा टी-शर्ट उत्तम. पोंचो किंवा लांब रेनकोट नको. वारा भरला की तो शिडासारखा फुगतो आणि टोक चाकात जाण्याची भीती असते. घोंगडी आणि इरलं चिखलात वाकून लावणी करणाऱ्यासाठी चोख आहे. सायकलवर हात पुढे आणि पाठ आडवी असते, त्यामुळे पाठीकडे लांब असलेलं, पुढे आखूड, कमरेत दोरी असलेलं जॅकेट हवं. रंग पिवळा किंवा केशरी. काळं जॅकेट धुक्यात दिसत नाही.

जॅकेट कधी घालायचं, हे नवख्यांना सांगावं लागतं. चढावर नाही. चढताना अंग इतकं तापतं की जॅकेटच्या आत घामाचंच पाणी होतं. चढ भिजत चढा, जॅकेट माथ्यावर घाला, उतार सुरू होण्यापूर्वी. आत ओला शर्ट बदलून सुका घालता आला तर सोन्याहून पिवळं. छातीवर वर्तमानपत्राची चार पानं घडी करून जॅकेटखाली सरकवली तर वारा अडतो. पौडला चहा पिताना एक पेपर घेऊन पिशवीत ठेवा, बूट घातले असतील तर संध्याकाळी तोच त्यांत लागेल.

हेल्मेटखाली पुढे टोक असलेली पातळ टोपी घाला, नाहीतर थेंब सरळ डोळ्यांत जातात. चष्मेवाल्यांचं तर टोपीशिवाय चालतच नाही.

पायांत पट्ट्यांचे सँडल, मोज्यांशिवाय. बूट एकदा भरले की दोन दिवस वाळत नाहीत आणि ओल्या मोज्यांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सकाळी बोटांमधे आणि टाचेला पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल चोळा, जांघेतही. लाजू नका, तिथे सोललं की दुसऱ्या दिवशी सीटवर बसवत नाही. पायाला उघडी जखम असेल तर तिच्यावर जलरोधक पट्टी हवीच. साचलेल्या पाण्यातून कोकणात लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार होतो. घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना ‘पावसाच्या पाण्यातून सायकल चालवली होती’ हे न विचारता सांगा.

चालवताना: पुणे ते माथा

सकाळी सहाला निघा. पिरंगुटपर्यंत कारखान्यांची वाहतूक असते आणि आठनंतर ती वाढत जाते. पाऊस नुकताच सुरू झाला असेल तर पहिली पंधरा-वीस मिनिटं सर्वांत निसरडी. रस्त्यावरचं तेल आणि धूळ एकत्र होऊन वर तरंगते. थोडा वेळ टपरीत काढलेला बरा. मग तो थर वाहून जातो.

नजर कशावर ठेवायची तेही सांगतो. पांढऱ्या पट्ट्या आणि रंगवलेले रम्बलर ओले झाले की घसरतात. पुलांवरच्या लोखंडी सांध्यांवर आणि गटाराच्या जाळ्यांवर ब्रेकही मारू नका, वळूही नका, सरळ आणि काटकोनात जा. वळणावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला तर ते डिझेल आहे. मुळशीच्या पुढे झाडीतल्या सावलीच्या कडेला, विशेषतः सिमेंटच्या रस्त्यावर, हिरवट शेवाळ असतं. म्हणून अगदी कडेने जाऊ नका. गाडीचं डावं चाक जिथून जातं ती रेघ पकडा, तिथे पाणीही कमी आणि काचाही कमी. डबक्यातून जाणं टाळा. डबकं किती खोल हे ते सांगत नाही, आणि चाकाच्या एक्सलपर्यंत पाणी चढलं तर हब आणि पॅडलच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुतलं जातं.

पाणी प्या. पावसात तहान लागत नाही, पण घाम जातच असतो. तासाला अर्धा लिटर, त्यातली एखादी बाटली ओआरएसची. खाणंही भूक लागण्याची वाट न बघता: तासाला एक केळं आणि दोन राजगिऱ्याचे लाडू, किंवा चिक्की. बिस्किटांचा लगदा होतो, वडापावही भिजला की संपला, तो गरम असतानाच टपरीत उभ्याने खावा. थंडीत शरीराला जास्त इंधन लागतं, म्हणून उताराआधी माथ्यावर पोटात काहीतरी गरम गेलंच पाहिजे.

पंक्चर पावसात जास्त होतात, कारण ओली काच आणि ट्रकच्या फाटक्या टायरमधली बारीक तार रबरात सहज घुसते. रस्त्याच्या कडेला पॅच मारत बसू नका. ओल्या ट्यूबवर सोल्युशन धरत नाही. क्रम असा:

१. दरड किंवा वळण नसलेली मोकळी जागा गाठा, शक्यतो बस थांब्याची शेड.
२. टायर रिमच्या एका बाजूने सोडवून ट्यूब काढा, थोडी हवा भरून भोक शोधा, आणि टायरवर ती जागा कुठे येते ते बघा.
३. टायरची आतली बाजू फडक्याने पुसत फिरा. नुसतं बोट फिरवू नका, तार बोटात जाते. फडकं जिथे अडकेल तिथे काटा, काच किंवा तार आहे. सेफ्टी पिनने काढा. हे न करता नवी ट्यूब घातली की ती पुढच्या दोन किलोमीटरांत बसते.
४. कच झटकून नवी ट्यूब जराशी फुगवून घाला.
५. टायरची कड हातानेच बसवा. ओला टायर सहज बसतो, टायर काढायच्या लिव्हरने ट्यूब चिमटू शकते.
६. हवा भरताना चाक फिरवून दोन्ही बाजूंची रेघ सारखी आहे ना ते पाहा.

जुनी ट्यूब संध्याकाळी खोलीत पॅच करायची. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल तर त्याचा पितळी अडॅप्टर खिशात असू द्या. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप मोटरसायकलच्या जाड व्हॉल्व्हचाच असतो.

उतार

दिवसाची खरी परीक्षा घाट उतरताना होते. ताम्हिणीतून विळ्याकडे उतरताना जवळपास पाचशे मीटर उंची खाली जाते आणि पूर्ण उतारभर पाणी रस्त्यावरून आडवं वाहत असतं.

थांबा, जॅकेट घाला, बॅगा घट्ट आहेत का पाहा, आणि ब्रेक दाबून बघा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर रिम ब्रेकची तार बॅरलने, म्हणजे तारेच्या टोकाशी असलेल्या फिरवायच्या स्क्रूने, ओढून घ्या, शू आणि रिममध्ये दोन मिमी फट ठेवा. तारेच्या डिस्क ब्रेकला कॅलिपरवरचा आतल्या पॅडचा स्क्रू एकेक टिचकी आत घ्या.

ओल्या रिमवर ब्रेक लगेच लागत नाही. चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत शू फक्त पाणी पुसतो आणि नंतर पकडतो. घाबरून जोरात दाबलेला ब्रेक अचानक पकडतो आणि चाक अडकतं. म्हणून उतारभर ब्रेक हलके, टेकवत-सोडत ठेवा, म्हणजे रिम पुसलेली राहते. वेग ताशी पंचवीसच्या आत. वेग वळणाआधी, सायकल सरळ असतानाच कमी करा. वळणात ब्रेक सोडून द्या. वळणाच्या बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि वजन त्यावर. सायकल कोरड्यात वाकवता तेवढी वाकवू नका. पुढच्या सायकलपासून तीसेक मीटर अंतर हवं.

दर दोन-तीन किलोमीटरवर थांबा, पण रस्ता कापून उभ्या केलेल्या डोंगराच्या भिंतीखाली थांबू नका. रस्त्यावर ताजे बारीक दगड विखुरलेले दिसले, किंवा भिंतीतून येणारं स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, तर तिथून लगेच निघा. थांबलात की हात काखेत धरा. बोटांनी शर्टचं बटण लावता येत नसेल तर ब्रेकवरही भरवसा नाही. थरथर, बोलण्यात अडखळणं, उगाचच चिडचिड किंवा ‘मला काही होत नाहीये’ असा हट्ट, ही थंडी अंगात शिरल्याची लक्षणं आहेत. कोकणाच्या हवेत थंडीने काय होणार असं वाटतं, पण ओलं अंग आणि वारा एकत्र आले की वीस अंशांतही माणूस गारठतो. अशा वेळी आडोसा, सुका शर्ट, गोड गरम चहा. आणि त्यानंतर अर्धा तास सायकलीला हात लावायचा नाही.

उतारात मध्येच ब्रेकमधून धातू घासल्यासारखा खरखरीत आवाज आला तर थांबा. बहुतेकदा शूमध्ये खडा किंवा रिमचा ॲल्युमिनियमचा कण रुतलेला असतो. चाक काढून पिनने उकरून टाका. तसंच दामटलं तर रिमवर चरे पडतात.

फरशी पुलावरून किंवा मोरीवरून पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर ओलांडू नका, बाजूने जीप गेली तरीही. गुडघाभर वाहतं पाणी उभ्या माणसाला पाडतं, आणि सायकल आडवी धरली की ती पाण्यात फळीसारखी ढकलली जाते. घाटातले ओढे पाऊस ओसरला की साधारण तास-दोन तासांत उतरतात. थांबणं हाच उपाय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, ही याच जिल्ह्यातली गोष्ट आहे.

विजांचं वेळापत्रक वेगळं. जुलैतल्या संततधारेत त्या कमी असतात. जूनची सुरुवात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची दुपार त्यांची. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर पक्क्या इमारतीत जा, एकट्या झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आसपासच्या विजांचा इशारा देतं. ते आधीच उतरवून ठेवा.

मुक्कामाला: आधी सायकल, मग अंघोळ

लॉजवर पोचलात की फोन आणि दिवे चार्जिंगला लावा, कारण पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. पण चार्जिंगचं भोक आधी कोरडं करा: फोन उभा धरून झटका, पंख्याखाली पंधरा मिनिटं ठेवा. ओल्या भोकात पिन घातली तर ते गंजतं. घाई असेल तर पॉवर बँक फोनपेक्षा आधी.

मग तसेच ओले असताना सायकलीकडे वळा. एकदा अंघोळ करून सुके कपडे चढवलेत की चिखलात हात घालावासा वाटत नाही आणि सकाळी तो चिखल सिमेंटसारखा घट्ट होतो. बादली-मगाने वरून पाणी ओता. गाड्या धुवायच्या प्रेशर पंपाखाली सायकल कधीही नेऊ नका, तो बेअरिंगमधे पाणी घुसवतो. चेन जुन्या फडक्याने पुसा, फडक्यावर काळं येणं कमी झालं की तेलाचा एकेक थेंब, पाच मिनिटं, पुन्हा पुसा. डिस्कला तेलाचा हात लागू देऊ नका. तेल लागलेला पॅड पकड गमावतो आणि सहसा पुन्हा जिवंत होत नाही. रिम आणि शू साध्या पाण्याने पुसा. टायरवर फडकं फिरवून रुतलेल्या काचा काढा, त्या उद्याच्या पंक्चरी आहेत.

हे काम बहुतेक मार्गदर्शकांत नसतं: सीटची उंची चिकटपट्टीने खुणावा, सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, पूर्ण बाहेर काढा आणि सायकल उलटी करा. पोस्टच्या फटीतून पाणी नळीत उतरतं आणि खाली पॅडलच्या बेअरिंगपाशी साचतं. कधी कपभर निघतं. फ्रेम स्टीलची असेल तर हे दर पावसाळी संध्याकाळी करा.

ओले कपडे नुसते पिळून वाळत घालू नका. कोरड्या पंच्यात गुंडाळून, पायाखाली दाबून, मग पंख्याखाली. बूट घातले असतील तर त्यांत वर्तमानपत्राचे बोळे, तासाने बदलून पुन्हा. पायांच्या बेचक्या पुसून बुरशीरोधक पावडर. आणि पोटऱ्यांवर, कमरेपाशी जळवा चिकटल्यात का बघा. नखाने तोंडापाशून सरकवून काढायच्या, जखम साबणाने धुवायची. थोडा वेळ रक्त येत राहतं, घाबरायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी इशारा लाल झाला, किंवा अंगात ताकद नाही, तर परतीचा विचार रात्रीच करा. माणगावला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, पण सायकल पार्सल म्हणून चढवायची आणि गाडी मोजकी मिनिटं थांबणार, त्यामुळे हे ऐनवेळी जमेलच असं धरू नका. एसटीच्या नव्या गाड्यांना टपावर कॅरिअर नसतो. सोपं म्हणजे पुण्याकडे रिकामा परतणारा पिकअप किंवा छोटा हत्ती. लॉजवाल्याला सांगितलं तर तो ओळखीचा गाठून देतो. भाडं निघण्याआधी ठरवा. सायकल चेनची बाजू वर करून आडवी टाका, डेरेलर (गिअर बदलणारा भाग) कशालाही टेकू देऊ नका, चेनवर पेपर गुंडाळा, आणि पुढचं चाक ट्यूबच्या तुकड्याने फ्रेमला बांधा, म्हणजे वळणावर हँडल फिरत नाही.